डॉक्टर जोसेफ बोआक्ये डांक्वा

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना नावाचे राष्ट्र आहे. इ. स. १९५७ च्या मार्च महिन्याच्या ६ तारखेपर्यंत तो मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता आणि त्यास गोल्ड कोस्ट, म्हणजे सोन्याचा किनारा, असे म्हणत. त्या देशास घाना हे नाव मिळावे म्हणून जे झटले, त्यांत डॉक्टर डांक्वा हे प्रमुख होत. हे गृहस्थ एका उपदेशकाचे पुत्र होते. देशाच्या कायदे कौंसिलात त्यांनी पुष्कळ वर्षे लोकांची बाजू मांडिली. आणि ज्या राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी ते खपले, त्या स्वतंत्र राष्ट्राच्याच तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांच्या वडिलांपासून आरंभ करणे योग्य होईल. अकीम अबुआक्वा हे त्या देशातील एक मोठे संस्थान असून क्येबी ही त्याची राजधानी. तेथील राजे पहिले अमोआको आटा यांच्या दरबारी याव बोआक्ये नावाचे गृहस्थ नगाऱ्यांचे प्रमुख होते. आपल्याकडे देवळाच्या किंवा वाड्याच्या नगारखान्यात जे वाजवितात त्यांच्याहून हा अधिकार फार मोठा. त्या लोकांचे नगारे नुसते वाजत नाहीत, ते बोलतात. त्यांच्या भाषेतील स्वरांचे चढउतार नगाऱ्यावर उमटवून पूर्वजांची नावे, राजाची बिरुदे आणि कुळाचा इतिहास लोकांस ऐकविण्यात येतो. अशा मानाच्या माणसाने ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, इमॅन्युएल हे नाव घेतले, आणि पुढे तो बासेल मिशनचा उपदेशक झाला. दरबारातील मान सोडून गावोगाव पायी हिंडणाऱ्या उपदेशकाचा तुटपुंजा पगार पत्करणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी कित्येकांस आम्ही सांगावयास नको.

बासेल मिशनचे नाव आमच्याकडील मंडळ्यांस अगदीच परके नाही. मंगळूर येथे १८३४ साली आणि पुढे धारवाड व हुबळी येथे ज्यांनी काम चालविले, तेच हे स्वित्झर्लंडातील मिशन. गोल्ड कोस्टवर त्यांचे पहिले चार मिशनरी १८२८ साली उतरले, आणि तेथील तापाने ते सर्व काही वर्षांच्या आत मरण पावले. तरी मिशनने काम सोडिले नाही. तेथे ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांस जुन्या गावाबाहेर वेगळी वस्ती करून देत व तिला सालेम म्हणत. त्यामुळे शिक्षण व शिस्त आली, परंतु एकाच घरातील माणसे दोन गावांत विभागली गेली, हेही खरे. डांक्वा यांच्या घरी हाच प्रकार होता, आणि त्यांचे सारे आयुष्य या दोन वस्त्यांच्या वेशीवर गेले असे म्हटल्यास चुकीचे होणार नाही.

जोसेफ यांचा जन्म क्वाहू प्रांतातील बेपॉंग या गावी १८९५ च्या डिसेंबरात झाला. क्येबी व बेगोरो येथील मिशनच्या शाळांत त्यांचे शिक्षण होऊन सतराव्या वर्षी ते आक्रा शहरी एका बॅरिस्टरांच्या कचेरीत कारकून म्हणून राहिले. पुढे सरकारी परीक्षा देऊन वरिष्ठ कोर्टात त्यांनी कारकुनी केली. इतक्यात घरात एक मोठा बदल घडला. त्यांचे सावत्र वडील बंधू १९१२ साली अकीम अबुआक्वाच्या गादीवर बसले व नाना ओफोरी आटा या नावाने प्रसिद्धीस आले. वडील एक, आया वेगळ्या. येथे वाचक विचारतील की उपदेशकाचा मुलगा राजा कसा झाला? तर त्या लोकांत वारसा बापाकडून येत नसून आईकडून येतो. राजाच्या पाठीमागे त्याचा मुलगा न बसता त्याचा भाऊ किंवा बहिणीचा मुलगा गादीवर बसतो. ओफोरी आटा यांची आई राजकुळातील होती, म्हणून ज्याच्या बापाने राजाचा नगारा सोडिला त्याच्याच मुलापुढे तो नगारा पुन्हा वाजू लागला.

राजेसाहेब हुशार व करारी होते. त्यांनी धाकट्या भावास क्येबीस बोलावून आपल्या न्यायसभेचे चिटणीस नेमिले. पूर्व प्रांतातील राजांची जी परिषद भरे तिचेही काम जोसेफ पाहू लागले. मग १९२१ साली कायदा शिकण्यासाठी त्यांस विलायतेस पाठविण्यात आले. लंडन विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते दोन वेळा नापास झाले. तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले, आणि त्यानंतर मात्र त्यांनी मागे पाहिले नाही. तत्त्वज्ञान विषय घेऊन १९२५ साली ते पदवीधर झाले व त्या विषयातील एक नामांकित शिष्यवृत्ती त्यांस मिळाली. १९२६ साली बॅरिस्टर झाले. आणि १९२७ साली नीतिशास्त्रावरील निबंधाबद्दल त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली. इंग्लंडातील विद्यापीठाची तत्त्वज्ञानातील डॉक्टरची पदवी मिळविणारे पश्चिम आफ्रिकेतील ते पहिलेच होत. लंडनमध्ये त्या भागातील विद्यार्थ्यांनी जो संघ १९२५ साली स्थापिला, त्याच्या संस्थापकांत ते होते व त्याचे अध्यक्षही झाले.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली, तथापि वकिलीत त्यांचे मन कधीच पुरते रमले नाही. आकान लोकांच्या रूढी व कायदे यांवर त्यांचे पुस्तक १९२८ साली निघाले. १९३१ साली त्यांनी एक दैनिक वर्तमानपत्र काढिले, ते १९३५ पर्यंत चालले. त्यात मेबल डव्ह या बाई टोपणनावाने स्त्रियांसाठी लिहीत असत. पुढे डॉक्टरांचा त्यांच्याशी विवाह झाला. तो विवाह टिकला नाही, हे सांगणे प्राप्त आहे, कारण या बाईंचे नाव पुढे पुन्हा यावयाचे आहे.

१९३४ साली सरकारने राजद्रोहाचा कडक कायदा आणि शहरातील पाण्यावर पट्टी बसविणारा कायदा असे दोन कायदे पुढे आणिले. त्यांविरुद्ध दाद मागण्यासाठी नाना ओफोरी आटा यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ लंडनला गेले व डॉक्टर त्याचे चिटणीस होते. दाद लागली नाही. बाकीचे परतले, पण डॉक्टर मागे राहून दोन वर्षे ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयात जुने ग्रंथ चाळीत बसले. हजार वर्षांपूर्वी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस घाना नावाचे एक वैभवशाली राज्य होते, आणि आपले आकान लोक तेथूनच दक्षिणेस आले असावेत, असा त्यांचा ग्रह तेथे दृढ झाला. आजचे इतिहासकार हा संबंध सिद्ध झाला असे मानीत नाहीत. परंतु परक्यांनी सोन्याच्या लोभाने ठेविलेल्या नावाऐवजी आपले म्हणावे असे एक नाव लोकांस मिळाले, ते येथूनच.

आता कोकोविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर या देशाचे राजकारण समजावयाचे नाही. कोको हे झाड मूळचे अमेरिकेतले. त्याच्या मोठ्या फळांतील बिया आंबवून व वाळवून विकतात आणि त्यांपासून चॉकोलेट होते. १९११ च्या सुमारास गोल्ड कोस्ट हा जगात सर्वांत अधिक कोको पिकविणारा देश झाला, आणि हे सारे पीक मोठ्या मळेवाल्यांचे नसून लहान लहान शेतकऱ्यांचे होते. खरेदी मात्र मूठभर युरोपियन कंपन्यांच्या हाती. १९३७ साली या कंपन्यांनी आपसांत ठरवून भाव पाडिला, तेव्हा शेतकऱ्यांनी माल विकण्याचेच बंद केले, व कित्येक महिने कोको घरात पडून राहिला. डॉक्टर या शेतकऱ्यांच्या बाजूचे होते. पुढे झाडांवर एक रोग पडला. त्यात फांद्या सुजतात व झाड मरते. उपाय एकच, तो म्हणजे रोगट झाड तोडणे. सरकारने ती तोडण्याचा सपाटा लाविला. शास्त्र सरकारच्या बाजूचे होते हे कबूल केले पाहिजे. परंतु वीस वर्षे वाढविलेले झाड सरकारी माणसाने येऊन तोडावे, तेव्हा शेतकऱ्यास काय वाटते हे समजण्यास शास्त्र लागत नाही.

१९४३ साली नाना ओफोरी आटा वारले आणि त्यांच्या उत्तरक्रियेच्या प्रसंगी, १९४४ च्या आरंभी, अपेद्वा गावचा प्रमुख नाहीसा झाला. मृत राजाच्या गादीसाठी जुन्या चालीप्रमाणे त्याचा बळी दिला, असा आरोप राजघराण्यातील व त्यांच्याशी संबंध असलेल्या आठ जणांवर येऊन त्यांस फाशीची शिक्षा झाली. हे डॉक्टरांचे आप्त. त्यांच्या बचावासाठी डॉक्टरांनी जवळजवळ तीन वर्षे एकामागून एक अर्ज व अपिले करून लंडनपर्यंत दाद मागितली व फाशीचा दिवस वारंवार पुढे ढकलविला. शेवटी १९४७ च्या मार्चमध्ये तिघांस फाशी झाली व बाकीच्यांची टळली. वकिलाने अशिलासाठी कायद्यातील सर्व उपाय योजावे हे योग्यच. पण ज्याच्या पित्याने तो दरबार सोडून शुभवर्तमान सांगितले, त्या पुत्राच्या तोंडून मेलेल्या गावप्रमुखाविषयीही काही शब्द निघावयास हवे होते, असे आम्हांस वाटते. डॉक्टरांच्या गुणगानात हे प्रकरण पुष्कळदा गाळण्यात येते, म्हणून आम्ही ते येथे दिले आहे.

त्याच काळात, १९४४ साली, आकान लोकांच्या ईश्वरविषयक कल्पनांवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिशनरी येण्यापूर्वीच आपल्या पूर्वजांस एका परमेश्वराची ओळख होती, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. त्यातील सर्व मते आम्हांस मान्य नाहीत, परंतु आपल्या भाषेत देवासाठी जे शब्द आहेत ते कोठून आले व त्यांत काय अर्थ भरला आहे, याचा असा कसून विचार आमच्याकडेही व्हावा.

१९४६ साली गोल्ड कोस्टास नवी राज्यघटना मिळाली. कायदे कौंसिलात प्रथमच आफ्रिकन सभासदांचे बहुमत झाले आणि राजांच्या परिषदेने डॉक्टरांस आपले प्रतिनिधी निवडून पाठविले. तेथील त्यांच्या कामांपैकी एकच सांगतो. विलायत सरकारच्या मनात सर्व इंग्रजी पश्चिम आफ्रिकेस मिळून एकच विद्यापीठ नायजेरियातील इबादान येथे द्यावे असे होते. डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठी चळवळ केली. पैसा नाही असे सरकारने म्हणताच कोकोच्या विक्रीतून उरलेला पैसा दाखविला. १९४८ साली आक्राजवळ कॉलेज स्थापन झाले. आज ते घाना विद्यापीठ आहे. तेथील एका विद्यार्थिगृहाचे नाव अकुआफो, म्हणजे शेतकरी, असे आहे. ज्या बापास सही करता येत नव्हती त्याच्या पैशाने ते उभे राहिले.

१९४७ च्या ऑगस्टच्या ४ तारखेस सॉल्टपॉंड गावी युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन हा पक्ष निघाला. लाकडाचे व्यापारी जॉर्ज ग्रँट त्याचे अध्यक्ष होते, पण त्याची बुद्धी म्हणजे डॉक्टर डांक्वा. योग्य मार्गाने व शक्य तितक्या लवकर स्वराज्य हे त्याचे ध्येय. पक्षास पूर्ण वेळ काम करणारा चिटणीस हवा होता. बाकीचे सारे वकील व व्यापारी, त्यांस आपला धंदा सोडवेना. तेव्हा इंग्लंडात असलेल्या क्वामे एन्क्रुमा नावाच्या तरुणास बोलाविण्यात आले व तो डिसेंबरात दाखल झाला. पुढील सर्व कथेचे बीज यात आहे.

दोन महिन्यांनी, १९४८ च्या फेब्रुवारीच्या २८ तारखेस, महायुद्धात लढून आलेले शिपाई आपली गाऱ्हाणी घेऊन आक्रा येथे गव्हर्नरच्या वाड्याकडे चालले असता गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या व तिघे ठार झाले. शहरात दंगल पेटली, दुकाने लुटली गेली. डॉक्टरांनी विलायत सरकारास लांबलचक तार करून राज्यकारभार लोकांच्या स्वाधीन करण्याची मागणी केली. सरकारने डॉक्टर, एन्क्रुमा व आणखी चौघे पुढारी यांस पकडून दूर उत्तरेस नेऊन ठेविले. तेथे हे सहा जण एकाच संकटात होते, आणि तेथेच त्यांचे मन एकमेकांविषयी फाटले असे म्हणतात. चौकशीसाठी आलेल्या वॉटसन कमिशनने डॉक्टरांस तेथील राजकारणातील सर्वांत जुनेजाणते पुढारी ठरविले. नवी घटना तयार करण्यासाठी नेमलेल्या समितीवर डॉक्टर होते, एन्क्रुमांस मात्र घेतले नाही. १९४९ च्या जूनमध्ये एन्क्रुमांनी वेगळा पक्ष काढिला आणि स्वराज्य आताच्या आता पाहिजे अशी हाक दिली.

लोक कोणाच्या मागे गेले हे सांगावयास नको. डॉक्टर विद्वान, कायद्यात मुरलेले, राजघराण्याच्या जवळचे. त्यांची भाषणे ग्रंथासारखी. एन्क्रुमा मोटारस्थानकावर व बाजारात उभे राहून बोलत. १९५१ च्या निवडणुकीत एन्क्रुमांचा पक्ष प्रचंड मतांनी निवडून आला आणि ते तुरुंगातून सुटून थेट कारभाराच्या खुर्चीवर बसले. डॉक्टर अकीम अबुआक्वातून निवडून आले व विरोधी बाजूस बसले. ज्यास आपण बोलावून आणिले त्याच्यापुढे विरोधक म्हणून बसणे हे सोपे नव्हे. तरी तीन वर्षे ते प्रत्येक कायद्याच्या मसुद्यावर बारकाईने बोलले. १९५४ साली ते हरले, आणि हरविणारा एन्क्रुमांच्या पक्षाचा उमेदवार त्यांचाच पुतण्या, नाना ओफोरी आटांचा मुलगा. त्याच निवडणुकीत मेबल डव्ह बाई त्याच पक्षातर्फे निवडून आल्या. त्याच साली सरकारने कोकोच्या ६० रत्तली ओझ्यास ७२ शिलिंग असा भाव बांधून टाकिला. जगाच्या बाजारात भाव याहून किती तरी चढा होता. शेतकरी खवळले, नवा विरोधी पक्ष उठला, तरी १९५६ साली डॉक्टर पुन्हा हरले. १९५७ च्या मार्चच्या ६ तारखेस घाना स्वतंत्र झाला, तेव्हा राष्ट्राच्या विधिमंडळात त्यांस जागा नव्हती.

पुढील वर्षी नव्या सरकारने असा कायदा केला की राज्याच्या सुरक्षिततेसाठी कोणासही खटल्यावाचून पाच वर्षेपर्यंत अटकेत ठेवता यावे. (असले कायदे आमच्याही देशास अपरिचित नाहीत.) विरोधी पक्षाचे लोक एकामागून एक आत जाऊ लागले. १९६० साली अध्यक्षाची निवडणूक झाली, तीत एन्क्रुमांविरुद्ध उभे राहण्यास डॉक्टर डांक्वा तयार झाले. त्या वेळी त्यांचे वय ६४ होते. जिंकण्याची आशा त्यांस असेल असे आम्हांस वाटत नाही. एन्क्रुमांस १०,१६,०७६ आणि त्यांस १,२४,६२३ मते पडल्याचे जाहीर झाले.

आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम यानंतरचे आहे. असांटेच्या राजाचे प्रवक्ते बाफूर ओसेई अकोतो व इतर काही जण अटकेत होते. त्यांच्या वतीने डॉक्टर वरिष्ठ न्यायालयात उभे राहिले. अध्यक्ष पदग्रहणाच्या वेळी न्याय व स्वातंत्र्य यांविषयी जी प्रतिज्ञा करितो, ती त्यास बांधील करीत नाही काय, हा त्यांचा मुद्दा. १९६१ साली न्यायालयाने निकाल दिला की ती प्रतिज्ञा म्हणजे केवळ नैतिक बंधन. तिच्या आधारे कायदा रद्द करविता येत नाही. नीतिशास्त्रावर निबंध लिहिलेल्या माणसास हे ऐकून काय वाटले असेल! थोड्याच दिवसांनी रेल्वे व बंदरावरील कामगारांचा संप झाला आणि ऑक्टोबरच्या ३ तारखेस ज्या कायद्याशी ते भांडले त्याखालीच त्यांस अटक झाली. १९६२ च्या जूनमध्ये ते सुटले. वकिलांनी त्यांस आपल्या मंडळाचे अध्यक्ष निवडिले.

१९६४ च्या जानेवारीच्या २ तारखेस एका पोलीस शिपायाने एन्क्रुमांवर गोळ्या झाडल्या. त्यातून ते बचावले. डॉक्टरांचा या कटाशी संबंध असल्याचे कोणत्याही न्यायालयात सिद्ध करण्यात आले नाही, तथापि जानेवारीच्या ८ तारखेस त्यांस पुन्हा धरून न्सावामच्या तुरुंगात ठेविले. खोली अगदी अरुंद, शरीर आजारी, वय ६८. तेथून त्यांनी अध्यक्षांस पत्रे लिहिली, त्यांपैकी १९६४ च्या सप्टेंबरातील एक फार विस्तृत आहे. त्यात त्यांनी आपले हाल वर्णिले आणि सुटका मागितली. पूर्वी एका तुरुंगात एकत्र राहिलेल्या माणसास लिहिलेली ही पत्रे. सुटका झाली नाही. १९६५ च्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस हृदयविकाराने त्यांस तेथेच मरण आले. नायजेरियाचे अध्यक्ष अझिकिवे, जे तरुणपणी आक्रा येथे वर्तमानपत्र चालवीत असत व डॉक्टरांस ओळखत, त्यांनी या मृत्यूबद्दल उघडपणे दुःख व्यक्त केले.

एका वर्षाने, १९६६ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस, लष्कराने एन्क्रुमांचे सरकार उलथून पाडिले व अटकेतील लोक बाहेर आले. एन्क्रुमा १९७२ साली परदेशी वारले. १९६८ पासून घानातील विद्वत्सभेने डॉक्टर डांक्वांच्या नावाने व्याख्यानमाला सुरू केली, आणि आक्रा येथील एका मोठ्या चौकास त्यांचे नाव देण्यात आले. १९४८ साली एकत्र पकडल्या गेलेल्या त्या सहा पुढाऱ्यांची चित्रे घानाने २००७ साली काढलेल्या चलनी नोटांवर एकत्र छापिली. तीत डांक्वा आहेत आणि एन्क्रुमाही आहेत.